लांडग्याच्या पिक्चरचे चार आठवडे

थेटरात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. शो सुटला की खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं सापडतात ना, तसे ते रोज सापडतात. झाडून काढा, पुढच्या शोला पुन्हा तेवढेच! कोल्हापुरात एका टॉकीजवर मी बारा वर्षं मॅनेजर होतो. आता थेटर नाही, नोकरी नाही. पण चहाला चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "कांबळे, ते लांडग्याच्या पिक्चरचं सांगा की!"

तर ऐका.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. फुटपाथवर सीडी मिळायला लागल्या होत्या आणि आमच्या थेटरात पंखे फिरताना दिसायचे, माणसं दिसायची नाहीत. मालकांना आम्ही आण्णा म्हणायचो. एका सोमवारी हिंदीत डब केलेला एक इंग्रजी पिक्चर आला. त्याचं नाव कुणालाच धड म्हणता येईना. आण्णांनी विचारलं, "स्टोरी काय हाय?"

मी सांगितलं, "एका बाजूला रक्त पिणारी माणसं, दुसऱ्या बाजूला लांडगे होणारी माणसं. दोघांची मारामारी."

"आनि चांगली माणसं कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाहीत, आण्णा."

"म्हंजे विलेक्शनच की!" आण्णा म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "कांबळे, खरं सांगतो. हॉल एका खतवाल्यानं गोडाऊनसाठी मागितलाय. ह्यो पिक्चर चालला न्हाय तर मी त्येला व्हय म्हणणार."

आम्ही सहाजण नोकरीला होतो. डोअरकीपर सुबराव तर लग्नाच्या आधीपासून त्याच दारात उभा. दोन दिवस झाले तरी प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. तिसऱ्या दिवशी मी घरातला मुलांचा फळा आणला, थेटरच्या दारात लावला आणि वर लिहिलं, 'आजचा अभिप्राय'. शो सुटला की सुबरावनं बाहेर पडणाऱ्यांना एकच विचारायचं, "कसा वाटला?" त्यातलं जे भारी असेल ते मी फळ्यावर उतरवायचो.

आमच्या गावाला मत विचारायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं!

*

पहिला अभिप्राय दिला एका वस्तादांनी. तालमीतली आठ-दहा पोरं घेऊन ते बाराच्या शोला पुढच्या रांगेत बसले. पडद्यावर पहिली मारामारी लागली आणि वस्ताद उठून उभे राहिले. "पाय वड! पाय वड त्येचा! आरं, मान काय धरतोस?"

मागून लोक ओरडले, "वस्ताद, खाली बसा!"

"बसतो, पर त्येला सांगा पाय वडायला!"

शो सुटल्यावर सुबरावनं विचारलं, "कसा वाटला?"

वस्ताद गंभीर होते. "गडी तयारीचं हायत दोन्हीकडचं. पर नुसतं वरडत्यात. झुंजताना त्वांड मिटलेलं पायजे. दम जातोय." चार पावलं पुढं गेले आणि परत आले. "आनि त्या दातवाल्यांना म्हणावं, कच्चं रगात पिऊन अंगाला लागत न्हाय. कांदा-लसूण चटणी टाकून रक्ती करून खावा!"

मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी फळा वाचायला माणसं थांबली. त्यातली निम्मी तिकिटाच्या खिडकीशी आली!

*

बायका असल्या पिक्चरला येत नाहीत, असा आण्णांचा ठाम समज होता. चौथ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या नातवाच्या हट्टापायी एक मावशी आल्या. पडद्यावर दात बाहेर आले की नातू डोळे झाकायचा आणि मावशी शेंगा सोलायच्या.

बाहेर पडताना सुबराव म्हणाला, "मावशी, भ्याला न्हाईसा व्हय?"

"कशाला भिऊ? दिवसभर झोपत्यात, रातीला हिंडत्यात, ऊन सोसत न्हाय आनि घरात कुणासंगं बोलत न्हाईत." मावशींनी पदर झटकला. "आमचं धाकटं तसंच हाय की!"

तो अभिप्राय तीन दिवस पुसलाच नाही. पुढच्या रविवारी आयाबायांची रांग आणि प्रत्येकीबरोबर एकेक मान खाली घातलेलं धाकटं!

*

मलकापूरच्या बाजूचा एक धनगर बाजाराला आला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. सुबरावनं काठी दारात ठेवून घेतली, कारण पडद्याजवळ बसायचा त्याचा आग्रह होता. अडीच तास तो पापणी न हलवता बसला. बाहेर आला तो रागावूनच.

"ह्याला लांडगा म्हणत्यात? म्या लांडग्यात जल्म काढला. गेल्या साली कोकरू न्हेलं, तर कुत्र्यालाबी कळलं न्हाय. लांडगा गप येतोय, गप जातोय. आनि ह्यो? आधी वरडतोय, मग कापडं फाडतोय, मग भिताडं फोडतोय आनि मग येतोय!"

"मग हा कोण म्हणायचा?" मी विचारलं.

"ह्यो वरातीतला पावणा!"

काठी घेऊन तणतणत निघून गेला. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या शोला पुन्हा दारात हजर, बरोबर भाऊ आणि दोन मेहुणे.

"काय पावणं, पिक्चर आवडला न्हवता न्हवं?" सुबराव म्हणाला.

"ह्यास्नी खोटा लांडगा कसा असतोय त्ये दावायचं हाय!"

*

पिक्चरमध्ये लांडगे मरायचे ते चांदीच्या गोळीनं. ही बातमी हुपरीला पोचली आणि चांदीचं काम करणारे दोघं भागीदार बसनं आले. घरात पैंजण करणारी माणसं. इंटरव्हलला दोघं थेट माझ्या केबिनमध्ये.

"मॅनेजरसाहेब, पिक्चर जरा मागं घ्या. ती गोळी नीट बघायची हाय."

मी म्हटलं, "अहो, असं मागं घेता येत नाही."

पहिला खुर्चीत बसला. "शुद्ध चांदीची गोळी म्हणतोय त्यो. शुद्ध चांदी मऊ असत्या. आमी पैंजणाला वापरत न्हाय, वाकतंय. हाडाला लागली तर चपटी हुईल!"

दुसरा म्हणाला, "तांबं घातलं असंल."

"तांबं घातल्यावर लांडगा मरंल कसा? भेसळीनं भूत मरत असतंय व्हय?"

"पैंजण टिकतंय, मग गोळी टिकंल!"

"पैंजण भुताच्या पायात घालतोस काय तू?"

मी चहा मागवला. पहिल्यानं माझ्या टेबलावर खडूनं गोळीचा आकार काढला. दुसऱ्यानं तो पुसून दुसरा काढला. इंटरव्हल संपला, शेवटची मारामारी झाली, पडद्यावर सगळी चांदी संपली, तरी ह्यांचा निकाल लागेना. सुबराव दार उघडून म्हणाला, "शो सुटला. कसा वाटला पिक्चर?"

दोघं एकदम म्हणाले, "बघायला येळ कुठं गावला?"

*

दुसऱ्या आठवड्यात हॉल निम्मा भरायला लागला आणि आण्णांच्या अंगात उत्साह संचारला. म्हणाले, "कांबळे, रगाताचा पिक्चर हाय, रक्तदान शिबिर घेऊ. पुण्य बी हुतंय, जाहिरात बी!"

शनिवारी बाराच्या शोला बाहेरच्या हॉलमध्ये चार खाटा आल्या, एक डॉक्टर आले, दोन सिस्टर आल्या. पेंटरनं बॅनर आणला आणि जागा दिसली तिथं बांधला. नेमका मोठ्या पोस्टरच्या खाली! रस्त्यावरून बघितलं की वरती रक्ताळलेले दोन सुळे आणि खाली ठळक अक्षरात, 'या, रक्तदान करा'.

इंटरव्हल झाला. लोक चहाला म्हणून दार उघडून बाहेर आले. समोर पांढरे कोट, सुया आणि लाल पिशव्या. जेवढे आले तेवढे मागच्या पावली आत! कँटीनवाला वडे तळून बसला होता, त्याचा एक वडा गेला नाही.

आण्णा माइकवरून विनवण्या करायला लागले. डॉक्टरांना काम नाही, म्हणून ते थोडा वेळ आत जाऊन पिक्चर बघत उभे राहिले आणि अस्वस्थ होऊन बाहेर आले. "कांबळे, ही माणसं ग्रुप न तपासता घेताहेत. रिॲक्शन येईल एखाद्याला!"

शेवटी शो सुटला तेव्हा सुबरावनं स्वतः बाही सरसावली आणि पहिल्या खाटेवर आडवा झाला. लोक घोळका करून बघत राहिले. सुबराव उठला, सिस्टरनी त्याला दूध आणि बिस्किटाचा पुडा दिला. घोळक्यातला एक रिक्षावाला शेजाऱ्याला म्हणाला, "चल रं! आतली भुतं फुकटात पित्यात, ही निदान बिस्कीट देत्यात!"

मग जी रांग लागली, ती डॉक्टरांच्या पिशव्या संपेपर्यंत हलली नाही.

*

आमच्या आईचं सांगतो. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आई लहान होती. भूतखेत, अंगारा-धुपारा घरातून गेला तो गेलाच. लहानपणी आम्ही अंधाराला भ्यालो तर ती कंदील हातात द्यायची आणि म्हणायची, "जा, बघून ये. काय गावलं तर मला सांग."

अशी ही बाई तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून म्हणाली, "तुझ्या नोकरीवर आलंय म्हणतोस, तर मीबी येते बघायला."

मी म्हटलं, "आई, भुतांचा पिक्चर आहे."

"भुतं आमी छप्पन सालीच सोडली. बघायला काय हुतंय?"

बाल्कनीत तिला सुबरावशेजारी बसवलं. पहिला लांडगा भिंत फोडून आला आणि आईनं सुबरावचं मनगट धरलं. ते इंटरव्हलपर्यंत सोडलं नाही. इंटरव्हलनंतर दुसरं धरलं. बाहेर आली तेव्हा सुबराव हात चोळत होता.

मी हसत विचारलं, "काय गं, भ्यालीस ना?"

आईनं चष्मा पुसला. "भुताला कोण भितंय? तुझ्या थेटरचा आवाज लई मोठा हाय!"

*

पिक्चर चौथ्या आठवड्यात गेला आणि आण्णांनी खतवाल्याला नकार कळवला. त्या दिवशी ते दारात येऊन नुसते उभे राहिले. सुबरावच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

त्याच आठवड्यातली एक दुपार. बाराच्या शोला हाऊसफुल्लचा बोर्ड लावायच्या बेतात होतो. तेवढ्यात खिडकीवर एक साठीचे गृहस्थ आले. टोपी, हातात कागदांची पिशवी. तिकीट घेऊन आत गेले. त्यांच्यामागं पन्नाशीचा एक माणूस आला, त्याच्याही हातात तसलीच पिशवी. शेवटचं तिकीट त्याला दिलं. ई सात आणि ई आठ.

दोन मिनिटांत दोघं माझ्यासमोर. दोघांची तोंडं दोन दिशांना.

थोरला म्हणाला, "मॅनेजर, माझी जागा बदला. मी ह्येच्या शेजारी बसणार न्हाय."

धाकटा भिंतीकडं बघत म्हणाला, "मलाबी न्हाय बसायचं."

चौकशी केल्यावर कळलं, दोघं चुलतभाऊ. कळंब्याच्या पलीकडं गाव. मधल्या बांधावरून कोर्टात केस, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. त्या दिवशी तारीख होती, कोर्टानं पुढची दिली. उन्हात बसची वाट बघण्यापेक्षा गारव्याला बसू म्हणून थोरला आला. धाकट्यानंही तोच विचार केला.

मी म्हटलं, "हॉल भरलाय. एक जागा रिकामी नाही. बसायचं तर तिथंच."

थोरला म्हणाला, "बसतो. पर त्येला सांगा, खुर्चीच्या मधल्या हातावर हात ठेवायचा न्हाय."

धाकटा मला म्हणाला, "त्येंनाबी सांगा."

सुबराव बॅटरी घेऊन त्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला. अर्धा पिक्चर होईपर्यंत दोघांनी हात पोटाशी आवळून धरले होते. मधला हात मोकळा. इंटरव्हलला एक डाव्या दारानं बाहेर गेला, एक उजव्या. इंटरव्हलनंतर तो लांडग्याचा प्रसंग आला, छतावरून खाली उडी मारतो तो. सगळा हॉल किंचाळला. सुबरावनं सहज बॅटरी मारली. मधल्या हातावर दोन हात होते. वर धाकट्याचा, खाली थोरल्याचा. सुबरावनं बॅटरी विझवली.

शो सुटला. मी त्या दिवशी मुद्दाम दारात थांबलो. थोरला बाहेर आला, मी विचारलं, "कसा वाटला?"

टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "आठशे वर्सं भांडत्यात म्हणं त्यी. आनि मूळपुरुष एकच."

"हो."

"आठशे!" ते स्वतःशीच म्हणाले.

धाकटा मागं उभा होता. फळा वाचत असल्यासारखा. मी त्यालाही विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली.

थोरला दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "मॅनेजर, ह्याचा दुसरा भाग येणार हाय म्हणं. आला तर आमच्या तारखंच्या दिवशी लावा. यायला बरं पडंल."

मी म्हटलं, "बघतो."

मागून आवाज आला, "आनि खुर्च्यांचं नंबर ह्येच द्या."