आफ्रिकेच्या पाणवठ्यावरचा वाघ

दुपारची जेवणं आटपली की माझी थोरली जाऊ मागच्या दाराने येते आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारते, "कोन आलं गो पान्यावर?"

हे पाणी आमच्या गावातलं नव्हे. आफ्रिकेत नामिबिया नावाचा देश आहे. तिथल्या वाळवंटात एक पाणवठा आहे आणि त्याच्यासमोर कुणीतरी कॅमेरा लावून ठेवला आहे. जनावरं येतात, पाणी पितात, निघून जातात. तिकडे शहामृगाने मान खाली घातली की इकडे वसईच्या खाडीकाठच्या आमच्या घरात टीव्हीवर ती लगेच दिसते. नातीने लावून दिलं. माझा गुडघा दुखावला होता तेव्हा मी दिवसभर मालिका बघायचे. बघून बघून सासवांचा राग यायला लागला, आणि स्वतः सासू असल्यावर तो काही परवडत नाही. नात म्हणाली, "आजी, तू आपली जनावरं बघ." तेव्हापासून जनावरंच बघते.

जावेला मी बाय म्हणते. आम्हा दोघींचे नवरे गेले, मुलांनी घरं वेगळी केली, पण मधली भिंत एकच आहे. तिच्याकडे फोडणी पडली की मला शिंक येते.

या बायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. विरारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पार पिकलाय, आणखी थांबलात तर अवघड होत जाईल. बाय ढिम्म. "देवानं दिलेले डोले देवाला तसेच परत देईन. मधी कोनाची सुरी नको." मुलाने समजावलं, सुनेने रडून दाखवलं. गेल्या पावसाळ्यात अंगणात पडलेला पाइप समजून बायने एका धामणीला पायाने बाजूला सारलं. धामण होती म्हणून निभावलं.  त्या दिवसापासून ही बाई अंगणात उतरली की माझा अर्धा जीव खिडकीत.

टीव्हीवर तिला हत्ती तेवढे दिसायचे, तेही धुरकट ढिगासारखे. बाकी सगळं मी सांगायचे. झेब्रे आले, रांगेत उभे आहेत. जिराफ पाय फाकवून वाकलाय, तुझ्या व्याह्यांसारखा. बाय खदखदून हसायची.

एका दुपारी पाणवठ्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघी जांभया देत होतो. मी उगाच म्हणाले, "अगं बाय, ते बघ! रानडुकराने शहामृगाची शेपटी ओढली!"

बाय खुर्ची सरकवत टीव्हीपाशी गेली. नाक काचेला लागायचं बाकी होतं. "कुठं गो? कुठं?"

"गेले पळून."

तिचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, सापडली नस! धाकाने ऐकत नाही ना, मग हेव्याने ऐकेल. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाणवठ्यावर रोज काहीतरी अघटित घडू लागलं. माकडाने हत्तीच्या पाठीवर बसून केस विंचरले. हरणांच्या दोन टोळ्यांची भांडणं झाली आणि एका म्हाताऱ्या जिराफाने मध्यस्थी केली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी सुस्कारा टाकायचे, "तुला दिसलं असतं तर किती मजा आली असती!"

आता कुणी म्हणेल, थोरल्या जावेशी असं वागतात? तर ही जाऊ मला कशी लाभली ते सांगते.

मी लग्न होऊन आले ती मुंबईच्या चाळीतून. मूळ याच मुलखातली, पण नळाचं पाणी प्यायल्यामुळे डोक्यात हवा गेलेली. भाताच्या लावणीला मी काळा गॉगल घालून गेले होते. चिखलात चप्पल रुतली तेव्हा ती काढायला वाकले आणि गॉगलही रुतला. बायच्या बोलण्यात 'ण' नाही, 'ळ' नाही, तर ही शहाणी तिला सांगायची, "पानी नाही हो, पाणी म्हणा." आज ती मुलगी समोर आली तर तिला मीच चिखलात ढकलून देईन.

पहिल्याच वर्षी घरामागच्या तळ्यावर कपडे धुताना मी "मगर! मगर!" म्हणून किंचाळले आणि ओल्या लुगड्यानिशी घरात पळत आले. सासरे, दीर, शेजारचे पुरुष काठ्या घेऊन धावले. होती घोरपड. बांधावर ऊन खात पडलेली. सगळे माझ्याकडे वळले, आता हसणार, आणि या मुंबईवालीचं गावात आयुष्यभर 'मगर' हेच नाव पडणार. तेवढ्यात बाय पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "नाय, मगरच होती. मीपन बघितली. ही घोरपड नंतर आली." ती माजघरात तांदूळ पाखडत होती. तिने काहीएक बघितलं नव्हतं. पुरुष संध्याकाळपर्यंत तळ्याकाठी पहारा देत बसले. त्या दिवशी माझी लाज राखली तिने, आणि त्यावर पुढे एकदाही टोमणा मारला नाही. त्यानंतर मी तिचं 'पानी' कधी सुधारलं नाही.

तर अशा बाईचे डोळे मी तिच्या हट्टापायी जाऊ देणार नव्हते.

पण माझं हसं व्हायचं ते झालंच. एका रविवारी मला जरा जास्तच चेव चढला. मी म्हणाले, "बाय, वाघ! पट्टेरी! पाण्यात उतरला!"

नात आत चहा ओतत होती. तिथूनच ओरडली, "आजी, आफ्रिकेत वाघ नसतात!"

बाय माझ्याकडे वळली. मग विचारलं, "आनि तो जिराफ? भांडन मिटवनारा?"

मी पदराशी चाळा करत बसले.

"माकडानं केस विंचरले ते?"

"ते... तसं नाही गं..."

बाय उठली, भिंत चाचपत मागच्या दाराने गेली. चहा तसाच राहिला. पुढचे काही दिवस ती आलीच नाही. भिंतीपलीकडे भांडी वाजायची, सुनेशी बोलणं ऐकू यायचं, पण माझ्या नावाने हाक नाही. मी एकटीच पाणवठ्यासमोर बसायचे. हत्ती आले तरी सांगायला कुणी नाही. धामणीपासून राखायला निघाले होते आणि जाऊच घालवून बसले.

मग एका सकाळी मागचं दार धाडकन उघडलं. बाय नेसून-सवरून उभी.

"चल. डॉक्टरकडं."

"काय झालं?"

"काय व्हायचंय! तुझ्या तोंडून जनावरं बघायची तर देव वाचवो. माझी मीच बघीन. पन एकच डोला. दुसऱ्याला हात लावायचा नाय, आधीच सांगते."

मी चप्पल उलटी घातली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसले होते. तिच्या बांगड्या आणि कवळी माझ्या पिशवीत. आत जाताना तिने माझा हात इतका दाबला की बोटं लाल झाली. बोळक्या तोंडाने म्हणाली, "काय वाईट झालं तर तो वाघ तुझ्या मानगुटीवर बसवीन." देवाला मी त्या बाकावर काय काय कबूल केलं ते सांगत नाही. अजून फेडते आहे. तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन "छान झालं, आजी" म्हणाली तेव्हा मी तिच्याच पाया पडायला वाकले. तिने मला वरच्यावर धरलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी बाय काळा चष्मा लावून माझ्याकडे आली. मी टीव्ही लावला, आणि नेमकी त्याच दुपारी पाणवठ्यावर शांतता. हत्ती नाही, झेब्रा नाही. नुसतं ऊन आणि पाणी. मला रडूच यायला लागलं. "बाय, थांब हं, येतील, आत्ता येतील..."

"गप बस गो," बाय म्हणाली. ती पुढे वाकून बघत होती. "पानी हलतंय. वारा सुटलाय तिकडं."

मग बोट पुढे केलं. "आनि ते बारकं बारकं काय? काठावर?"

मी चष्मा पुसून बघितलं. होले होते, कबुतराहून लहान. मातीच्याच रंगाचे, पाण्याच्या कडेला दाटीने बसलेले, चोची बुडवत होते. रोजच येत असणार. चांगल्या डोळ्यांनी इतके दिवस बघूनही मला एक होला दिसला नव्हता. मी आपली हत्तींची वाट बघत बसले होते.

"आपल्या खल्यावर दाने टिपायला येतात तसेच," बाय म्हणाली. "मेले तिकडं पन हायत."  तिच्या चष्म्याखालून एक थेंब ओघळला. औषधाचा असेल, मी विचारलं नाही.

मग म्हणाली, "त्या डॉक्टरनीला फोन लाव. दुसरा डोला कधी करते ते विचार."

मी फोन शोधायला उठले.

"अगो, टीव्हीच्या समोरनं नको जाऊ!" बाय ओरडली. "मला दिसत नाय!"