शहाडच्या गच्चीवरचा मध्यान्ह

"भाऊ, यायचं तर उद्याच या," कुमुदताईंचा फोन आला. "समोरचा टॉवर आणखी एक मजला चढलाय. दिवाळी उलटली, सूर्य दक्षिणेला झुकतोय. परवाची खात्री नाही." मग काय, सकाळी नवालाच ठाण्यातल्या वर्तकनगरहून निघालो.

कुमुदताई म्हणजे एका छोट्या संस्थानाच्या शेवटच्या राजज्योतिष्यांची लेक, ओळख वाचनालयातली. मी शाळा शिकलो दहावीपर्यंत, आकाश शिकलो ते पंचांगावर बोट ठेवून. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राजासाठी सूर्य मोजला, तिथलं काम एकदा डोळ्यांनी बघायची आस फार दिवसांची.

जाणाऱ्यांनी शीळफाटा टाळावा. मी बसने गेलो आणि तासभर एकाच कंटेनरची पाठ बघत बसलो. कल्याणची मिसळ राहिली. शेअर रिक्षाने शहाड गाठलं तेव्हा बारा वाजून गेलेले.

गच्चीत पाटावर वीतभर पितळी खुंटी, म्हणजे शंकू. त्याची सावली सर्वांत आखूड होते तो खरा मध्यान्ह. सध्या घड्याळात बारा-वीसच्या आसपास. ताईंच्या वडिलांनी निशाण दाखवलं की किल्ल्यावर तोफ उडायची. संस्थान विलीन झालं, हुद्दा गेला. वडील शंकू घेऊन इथं आले. रोजची नोंद चालूच राहिली, त्यांच्यामागे ताईंच्या हातची.

सावली आखडत आली. अगदी थोडं उरलं, आणि टॉवरची सावली सरकत पाटावर चढली. शंकूची गडप.

मी आपला म्हणालो, मोबाइलवर वेळ मिळते की.

"मिळेल हो. पण मी पाहिला नाही ना."

ढगाळ दिवशी अंदाज सांगायचा नाही, ही दरबारची रीत. राजा जेवायचा खोळंबला तरी तोफ गप्प. ताईंनी वहीत लिहिलं, मध्यान्ह दिसला नाही. आता सूर्य उत्तरेला परतेपर्यंत, म्हणजे माघापर्यंत रोज हेच, म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. पाठमोऱ्या फार लहान दिसल्या.

परतीचा रस्ता मोकळा होता, पण जीव तिथंच अडकला. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गच्चीत काठी ओळंब्यात उभी केली. सावली मोजून लगेच फोन लावला. "ताई, दिसला."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज. मग, "सांगा." मी सर्वांत आखूड सावलीची वेळ सांगितली.

"ठाण्याचा मध्यान्ह आमच्यामागून येतो, पाऊण मिनिटानं. या वहीत नाही चालायचा," त्या म्हणाल्या. "थांबा, नवी वही काढते. उद्याही चढाल ना गच्चीवर?"