सगळ्यांना एकदमच ताबा

आमच्या गृहनिर्माण संस्थेत घरांपेक्षा किस्से जास्त उभे राहिले. घराला सिमेंट लागतं, मंजुरी लागते. किश्शाला नुसती मासिक सभा पुरते, आणि सभा आम्ही कधी चुकवली नाही. मी गावातला मास्तर, लिहिता येतं म्हणून सचिव झालो. तेव्हापासून हसावं की कपाळ बडवावं, हे मला ठरवता आलेलं नाही.

*

नव्वदीतली गोष्ट. जवळा बाजारच्या पलीकडचा माळ, अर्धे सभासद मेंढरंवाले, अर्धे तांड्यावरचे. चेअरमन लक्ष्मणआण्णा. माणूस एवढा सरळ, की संस्थेच्या कामाला गेले तरी तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचे. त्यांना कुणीतरी सुशासनाच्या शिबिराला पाठवलं आणि आमचे ग्रह फिरले.

शेजारच्या गावात पुढाऱ्यांनी आधी आपली घरं उरकली होती आणि गरिबांची जोत्यावरच राहिली होती. आपल्याकडे असं व्हायला नको म्हणून आण्णांनी ठराव मांडला : सगळी घरं पुरी होईपर्यंत एकालाही ताबा नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मागे बसलेली शेषाबाई, मेंढरंवाल्या ग्यानबाची बायको, म्हणाली, "आण्णा, सगळ्याइची म्हंजी कवा?"

"सगळ्याइची झाल्यावर."

यालाही टाळ्या पडल्या.

*

एक सोडून सगळी घरं झाली. राहिलं ते तांड्यावरच्या उकंडाचं. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि उकंडा ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. सगळे मिळून स्लॅब टाकू म्हटलं, तर आण्णा म्हणाले, सभासदाला विचारल्याशिवाय त्याच्या घराला हात लावायचा नाही. आधी दारावर नोटीस चिकटवा.

दार होतं कुठे? दाराच्या जागी काठी रोवून तिच्यावर नोटीस बांधली. दुपारी शेळीनं खाल्ली. मी आण्णांना म्हटलं, झालं, नोटीस लागली. आण्णांनी मान हलवली.

"सभासदाला पोचली न्हाई, गुरुजी. पुन्यांदा लावा."

*

मग नियमच बदलू म्हटलं. पण नियम बदलायला मोठा कोरम लागतो. दिवाळीनंतर मेंढरंवाले कळप घेऊन बाहेर आणि तांडा ऊसतोडीला. सगळे गावात सापडतात ते फक्त पावसाळ्यात. आणि सभा भरायची ती शाळा पावसाळ्यात अशी गळायची, की अर्धी सभा निघून जायची आणि कोरम मोडायचा.

समोर आमचीच कोरडी घरं, कुलपं लावलेली. एकानं सुचवलं, तिथं बसू. आण्णांनी विचारलं, ताबा न दिलेल्या जागेत सभा घेतली तर ती कायदेशीर कशी? आम्ही शाळेत डोक्यावर पोती घेऊन बसलो.

*

उकंडाचं घर संस्थेनं पुरं करावं, अशी परवानगी आम्ही वर मागितली. फाइल हलायला लागली आणि जिल्हा फुटला. आम्ही हिंगोलीत आलो, फाइल परभणीत राहिली. इकडचे म्हणायचे तिकडून आणा, तिकडचे म्हणायचे तुम्ही आता आमचे नाही. वर्षभर एसटीच्या खेपा घातल्या. शेवटी कळलं, की ती तिकडच्या नव्या इमारतीत कपाटात व्यवस्थित आहे.

तांड्याचे म्हातारे नाईक म्हणाले, "चला, फायलीला तरी पक्कं घर भेटलं."

*

पुढं दारांच्या चौकटी चोरीला जायला लागल्या. तेव्हा ठरलं, ज्यानं त्यानं आपलं घर राखायचं. शेषाबाई आणि ग्यानबा आपल्याच बंद घराच्या ओट्यावर मुक्कामाला आले. ग्यानबाला दमा. झोपडी गळत होती, आणि ओट्यावर वाऱ्यानं झड यायची. भिंतीपलीकडं कोरडी खोली होती.

एक साहेब पाहणीला आले. घर कुणाचं म्हणून विचारलं. ग्यानबा म्हणाला, आमचंच. मग बाहेर का? राखण करून राहिलो, साहेब. साहेबांनी विचारलं, कुणापासून?

ग्यानबानं खोकत खोकत बराच विचार केला. "आमच्यापसूनच म्हना की."

*

आण्णांनी तक्रारपेटीही लावली होती. ती तिघा पदाधिकाऱ्यांनी मिळूनच उघडायची. तिघं एका वेळी जमले तोवर आत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. ताबा घेतलेल्या त्या पहिल्या! माश्या हुसकावल्यावर खाली एकच कागद निघाला. त्यावर एक अक्षर नव्हतं, नुसता निळा अंगठा.

मी म्हटलं, हा शेषाबाईचा. शाईचं पॅड माझ्याकडूनच नेलं होतं.

"तुमचा अंदाज ठरावात घेता येत न्हाई, गुरुजी," आण्णा म्हणाले. "तक्रार निनावी हाय." त्यांचं स्वतःचं घरही गळत होतं आणि नवं घर त्याच कुलपात होतं. चोर असता तर आम्ही त्याला हाकलून दिलं असतं. या माणसाचं काय करायचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

त्या श्रावणात ग्यानबाला श्वास पुरेना. ओल्या ओट्यावर त्याला ठेवणं बरं नव्हतं, म्हणून शेषाबाईनं त्याला परत झोपडीत नेलं. तीही गळत होतीच. तिसऱ्या दिवशी सकाळीच आण्णांनी स्वतः घरोघर फिरून सगळ्यांना बोलावलं. शाळा गळत होती, तरी कुणी उठलं नाही. संस्थेच्या जन्मात पहिल्यांदा तो मोठा कोरम टिकला. विशेष बाब म्हणून ग्यानबाला घराचा ताबा द्यावा, असा ठराव झाला. एकाही माणसानं हरकत घेतली नाही. आण्णांनी किल्ली घेतली आणि चिखल तुडवत निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

शेषाबाई झोपडीच्या दारात बसली होती. आत ग्यानबाच्या तोंडावर धोतर ओढलेलं होतं.

आण्णांचा हात किल्लीसकट तसाच पुढे राहिला. शेषाबाईनं किल्लीकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. सगळ्याइच्या संगंच घेईन मी. आता मला काई घाई न्हाई."