नकाशातलं समाजमंदिर

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मला नकाशाचं वेड लागलं. लोकांनीच भरायचा असा एक नकाशा तेव्हा इंटरनेटवर होता. आपल्या गल्लीतला रस्ता आपण काढायचा, दुकानाचं नाव आपण टाकायचं, आणि कोणी अनोळखी माणूस ते तपासून मंजूर करायचा. अंबरनाथ पूर्वेचा बाजार, रिक्षास्टँड, पिठाची गिरणी, सगळं मी भरलं. एकेका दुकानाला तीन-तीन ठिपके होते, तीन वेगळ्या स्पेलिंगांत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तर कोणीतरी जीन्सच्या कारखान्याला शाळा करून ठेवलं होतं. हे निस्तरताना मला फार बरं वाटायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय, असं आई म्हणायची.

कंपनीतून निवृत्त झालेले वडील माझ्या मागे खुर्ची ओढून बसत. त्यांना एकच गोष्ट बघायची होती.

"आपला विहार टाकलास का?"

घोडं तिथेच अडलं होतं. नाव हवं ते लिहिता येई, पण प्रकार मात्र यादीतूनच निवडायचा. यादीत मंदिर होतं, मशीद, चर्च, गुरुद्वारा होता. बुद्धविहार नव्हता. मी 'इतर' निवडलं आणि नावात विहार लिहिलं. आठवड्याने पाहते तर कोणीतरी प्रकार बदलून मंदिर केलेलं. मी परत इतर केलं, त्याने परत मंदिर. त्याच्या परीने तो बिचारा माहिती सुधारत होता. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, ते काय या यादीसाठी?

चार वेळा असं झाल्यावर मी शक्कल लढवली. इंग्रजी यादीत खाली कम्युनिटी हॉल होता. विहारात लग्नं लागतात, मुलांची अभ्यासिका चालते, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. मी ते निवडलं आणि दोन दिवसांत मंजुरी आली. मोठ्या तोऱ्यात वडिलांना हाक मारली. त्यांना वाचता यावं म्हणून नकाशा मराठीत लावला.

त्यांनी चष्मा लावून ठिपका पाहिला. विहाराच्या नावाखाली बारीक अक्षरांत प्रकार छापला होता: समाजमंदिर. कम्युनिटी हॉलला मराठीत तेच म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे तर मीच लिहिलं होतं," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"बांधकामाच्या निधीचा फॉर्म भरला ना, त्यात पण विहाराला रकाना नव्हता. सगळे बोलले, समाजमंदिर लिहा, काम तर होईल. सही मीच केली. कागदावर आजपण तेच आहे."

त्यांनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तुला याचं काय मिळणार होतं? विटा? सिमेंट?"

"नाही, पप्पा."

"मग तू कशाला लिहिलंस?"

ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते. मला फक्त मंजुरी हवी होती, आणि त्याची लाज वाटली. त्यांच्यादेखत मी प्रकार पुन्हा इतर केला. चार दिवसांनी त्या माणसाने मंदिर केलं, मी इतर. वर्षभर आमचं हेच चाललं, आणि मी एकदाही कंटाळले नाही.