दामोदरपंतांनी खोडलेली ओळ

दामोदरपंत मास्तर गेल्याचा निरोप कल्याणहून, त्यांच्या लेकीच्या घरून आला, तेव्हा मी ठाण्यास आपल्या ओसरीवर हजामत करवून घेत होतो. अर्धी झाली होती. न्हाव्याने हात थांबवून विचारले, "रावसाहेब, ठेवू का तशीच?" मी म्हणालो, "पुरी कर." याचाही कोणी काही अर्थ लावील, खुशाल लावो. चाळीस वर्षांचा स्नेह संपला, त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही, इतकेच.

त्यानंतर महिनाभर मी मास्तरांविषयी वाचतो आहे, ऐकतो आहे, आणि खरे सांगायचे तर थकलो आहे. एका वर्तमानपत्राने लिहिले की, मास्तरांनी शहाडला नदीकाठी चरबीचा साबण करून विकला. असत्य! त्यांचा साबण खोबरेलाचा होता, आणि तो माझ्या घरात माझ्या मातोश्रींनी वापरला आहे. शोकसभेत एक तरुण वकील म्हणाले की, मास्तरांनी अखेरीस चूक कबूल करून आपला शब्द मागे घेतला. हेही असत्य. मी जागच्या जागी उठून तसे सांगितले. वकील नम्रपणे म्हणाले, "काका, त्या दिवशी कागद आपणच वाचलात ना?" मी खाली बसलो...

तेव्हा झाले ते क्रमाने सांगतो. मास्तर शाळेत रसायन शिकवीत. साबणाच्या खटपटीतून त्यांना निराळाच नाद लागला. तेल चुन्याच्या निवळीत तासन् तास उकळायचे. चुना तेलातला मेणचट भाग धरून खाली बसतो. वरचे पाणी आटवले की तळाशी मधासारखा दाट, गोड रस उरतो. हा प्रयोग त्यांनी खोबरेलावर केला, तिळेलावर केला, घरच्या तुपावर केला, आणि एके दिवशी खाटकाकडून चरबी आणवून तिच्यावरही केला. चार वाट्या माझ्यापुढे मांडून म्हणाले, "बाळाजी, चाख." तीन मी चाखल्या. चौथीला हात लावला नाही. ते हसले. "भित्र्या, तीन चाखल्यास म्हणजे चौथी चाखलीसच. गोडवा एकच आहे रे! मेणचट अंशांत थोडेफार अंतर, पण घडण तीच. देवाने तेला-तुपासाठी निराळे सामान आणलेले नाही."

हे त्यांनी माझ्यापाशी बोलून ठेवावे ना! पण वर्गात बोलले, आणि आठ दिवसांत गावभर झाले की मास्तर तुपात चरबी असल्याचे सांगतात. तळ्याकाठच्या देवळात शास्त्रीबुवांनी त्यांना गाठले.

"मास्तर, म्हणजे आम्ही देवाला चरबीचा नैवेद्य दाखवतो?"

"बुवा, हे देऊळ आणि मामलेदाराचा तबेला एकाच भट्टीच्या विटांचे आहेत. म्हणून आपण इथे घोडे बांधतो का?"

ऐकणारांत दोघे-तिघे हसले. तिथेच घात झाला. मास्तरांचे म्हणणे बुवांनी एखादे वेळी सोसले असते. ते हसणे त्यांनी सोसले नाही.

मास्तरांच्या यमूचे लग्न कल्याणच्या घरी ठरले होते. पंधरा दिवसांत तिकडून निरोप आला: प्रायश्चित्त घ्या, सभेपुढे लेखी द्या, नाहीतर मुलगी ठेवून घ्या. मास्तर एका अटीवर कबूल झाले. "चरबी मी हाताने हाताळली, हे खरे. त्याबद्दल पंचगव्य घेतो. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले नाही, असे मात्र म्हणणार नाही." मी कचेरीत जन्म काढलेला माणूस, कागदाचा मसुदा मीच केला. त्यात एक ओळ घातली: 'तूप व चरबी यांचे घटक एक, हे माझे बोलणे भ्रमाचे होते.' मास्तरांनी वाचले, टाक उचलला, ती एकच ओळ खोडली आणि खाली सही केली. खोडताना टाकाचे टोक कागदात रुतले होते.

शुद्ध होईपर्यंत त्यांना सभामंडपात येता येत नव्हते. ते ओलेत्याने बाहेर तळ्याच्या पायरीवर बसले होते, आणि आत कागद मी वाचत होतो. कल्याणची मंडळी समोर बसली होती. खोडलेल्या ओळीपाशी आलो... आणि ती वाचली. मोठ्याने, स्पष्ट वाचली. सभा संतुष्ट झाली. कागद कोणी मागून पाहिला नाही; माझ्या वाचण्यावर गावाचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. "ओळ वाचलीस म्हणे?"

"वाचली. यमूचे लग्न होऊ दे, मग मीच सांगतो सर्वांना."

"बरे," एवढेच ते म्हणाले. लग्न झाले. मग यमूचे सासरे हयात होते, मग तिच्या मुलाची मुंज होती... मला नेहमी कारण सापडले. मास्तर रोज येत, पान खात, वाद घालीत. त्या ओळीविषयी त्यांनी पुन्हा कधीही विचारले नाही. ते बोलले असते तर मी भांडलो असतो. भांडणे मला जमते.

तेराव्याला यमू म्हणाली, "काका, लोक म्हणतात ते खरे का? बाबांनी शब्द मागे घेतला, तो माझ्यासाठी?" मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "मग इतकी वर्षे घरात मान खाली घालून का वावरले ते?" मी केले ते मुलीच्या कल्याणासाठी केले, असे आजही म्हणेन. पण ते खोटे होते, आणि ते माझ्या तोंडचे होते, मास्तरांच्या नव्हे. हे छापील असू द्यावे.

गेल्या एकादशीस कीर्तनानंतर मी त्याच सभामंडपात उभा राहिलो आणि माझ्याच दप्तरात राहिलेला तो कागद पुन्हा वाचला. शास्त्रीबुवा केव्हाच गेले. जुन्यांपैकी चौघे होते. एकाला ऐकू येत नाही, एक पेंगत होता. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणाला, "आता कशाला, बाळाजीपंत?" मी वाचीत राहिलो. खोडलेल्या ओळीपाशी आलो तेव्हा गप्प उभा राहिलो, ती ओळ वाचायला लागला असता तेवढाच वेळ. मग पुढची ओळ वाचली, आणि खालची सही: दामोदर.