नेडीनने फोन केला त्या शनिवारी

नेडीन प्रॉक्टर एकवीस वर्षं एकाच घरात स्वयंपाक करत होती. घर कॉलेजच्या पोरांच्या बंधुसंघाचं, म्हणजे एकत्र राहणाऱ्या सभासदांच्या फ्रॅटर्निटीचं. ओहायोतल्या आमच्या गावात अशी बरीच घरं आहेत. सभासद व्हायचं तर नव्या पोरांना आठ आठवडे तावून सुलाखून निघावं लागे. उजाडताच धावायचं, जुन्या सभासदांची नावं-गावं तोंडपाठ करायची, सगळ्यांची भांडी घासायची. मी नेडीनच्या हाताखाली भाज्या चिरायचे. मला तो निव्वळ छळ वाटे.

"अगं, येतात तेव्हा स्वतःची ताटली उचलता येत नाही यांना," नेडीन म्हणायची. "दोन महिन्यांत एकमेकांसाठी जीव टाकायला लागतात. आयतं मिळालेलं कुणी जपतं का?"

तिचा नवरा बर्ल गेला, तेव्हा दूरदूरच्या राज्यांतून जुनी पोरं आली होती. शवपेटी त्यांनीच खांद्यावर घेतली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पुढे वाद घालायला माझ्याकडे काही उरलं नाही.

ऑक्टोबरातला शनिवार. सकाळचे अकरा वाजले असतील. ग्रेडी नावाचा शेवटच्या वर्षाचा पोरगा पाण्याचे कॅन भरून घ्यायला आला. ही त्याची चौथी खेप. तळघर धुतायत असं समजून नेडीनने स्वतः नळाखाली कॅन धरून भरून दिले. थोड्या वेळाने ती कांद्याचं पोतं आणायला खाली गेली आणि मला तिची हाक ऐकू आली. नुसतं माझं नाव, पण आवाज ओळखू येईना.

मी धावले. कोल्बी हा नवा पोरगा सिमेंटवर आडवा झाला होता. हातपाय ताठ, तोंडाला फेस. सात-आठ पोरं भिंतीला चिकटून उभी.

"काय पाजलंत त्याला?"

"पाणीच, मिस नेडीन," ग्रेडी म्हणाला. "नावा-गावाचं उत्तर चुकलं की एक मोठा मगभर. दारूवर बंदी आहे ना, म्हणून पाणी."

नेडीनने फोन काढला. ग्रेडी आडवा आला. "पाच मिनिटं थांबा. शुद्धीवर येईल तो. बाहेर कळलं तर घराला टाळं लागेल."

"लागू दे. बाजूला हो."

तिने रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, एवढ्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ झालं आणि मेंदूला सूज आली. तीन दिवस कोल्बी बेशुद्ध होता. पोलिसांना नेडीनने सगळं सांगितलं, कॅन आपण भरले हेही. कुणी विचारलं नव्हतं तरी. घर वर्षभरासाठी बंद झालं आणि आम्हा दोघींचं काम गेलं.

कोल्बी वाचला. तो घरी आल्यावर नेडीन कोंबडीचं सूप घेऊन त्याला भेटायला गेली, मी सोबत होते. पोरगा उशीला टेकून बसला होता. आभार मानेल असं मला वाटलं.

"तुम्ही थांबायला हवं होतं," तो म्हणाला. "माझे दोनच प्रश्न राहिले होते."

नेडीन म्हणाली, "बाळा, तू मरत होतास."

"बाकीच्यांचे आठ आठवडे तरी पुरे झाले असते. आता सगळे म्हणतात, माझ्यामुळे घर बंद पडलं. एवढं सोसलं, ते मग कशासाठी?"

त्याची आई दारात उभी होती. कॅन कुणी भरले ते तिला पोलिसांकडून कळलं होतं. सूपचं भांडं तिने हातात घेतलं नाही, मीच टेबलावर ठेवलं.

गाडीत बसल्यावर नेडीनने किल्ली लावली. "एकवीस वर्षं," ती म्हणाली, "वर स्वयंपाकघरातून मी फक्त निकाल बघितला गं, खाली तळघरात काय चालतं ते नाही."

पुढच्या वर्षी घर उघडलं आणि कोल्बीला घेतलं गेलं. नव्या पोरांची आठ आठवड्यांची तयारी आता त्याच्याचकडे आहे, हे नेडीनला बाजारात कुणीतरी सांगितलं. ती बाजार अर्धाच टाकून निघाली. तडक कॉलेजच्या कचेरीत गेली आणि साहेबांसमोर बसली. "त्या घरात काय चालतं ते लिहून घ्या," म्हणाली, "पाणी भरून देणारी म्हणून माझ्या नावासकट."