धनुष्यावरची माशी

दुपारची सुट्टी संपून दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. मी तपासणीच्या खोलीतली भिंगं पुसत होते. तेवढ्यात बाहेरून आमच्या मॅनेजरांची हाक आली, "अगो बाय, जरा बाहेर ये. आणि घाबरू नको."

घाबरू नको असं कुणी म्हटलं की आधी घाबरायला होतं. मी बाहेर आले. काउंटरसमोर पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेले एक वयस्क कुवेती गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या हातात धनुष्य होतं. खेळातलं नव्हे, खरं. काळसर लाकडाचं, दोन्ही टोकं पुढे वळलेली, दोरी चढवलेलं. मागे त्यांचा तिशीतला मुलगा ओशाळल्या चेहऱ्याने मोबाईलमध्ये बघत होता.

मी माणगावची. एस.टी. स्टँडसमोर वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डोळे तपासण्याची पदवी घेतली आणि आता कुवेतमधल्या रिग्गईत एका चष्म्याच्या दुकानात काम करते. मॅनेजर रत्नागिरीकडचे, माझ्या जन्माच्या आधीपासून कुवेतमध्ये. मी त्यांना चाचा म्हणते. अरबी बोलायची वेळ आली की ते पुढे होतात. पण त्या दिवशी त्यांची गरज लागली नाही. त्या बाबांना हिंदी येत होतं. त्यांचे वडील मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यामुळे घरातच शिकलेलं मोडकंतोडकं पण ठसक्याचं हिंदी. बाप-लेक दोघंही हिंदीत बोलले ते मी इथे मराठीत लिहिते.

"दुक्तूरा," ते म्हणाले, "मला असा चष्मा पाहिजे की ही दिसली पाहिजे."

त्यांनी धनुष्य आडवं धरून दाखवलं. मुठीच्या जरा वर दोन पट्ट्यांनी एक पितळी तुकडा घट्ट बांधला होता. त्यातून बाजूला बारीक सळई निघाली होती आणि सळईच्या टोकाला हिरवा ठिपका होता. मी ओळखलं. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकीच्या नळीवर पुढे असाच एक दाणा असतो, नेम धरायला. त्याला माशी म्हणतात. धनुष्याला माशी लावलेली मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी डॉक्टर नाही, बाबा. मी फक्त डोळे तपासते."

"डोळे तपासतेस ना? मग झालं. ही याची करणी." त्यांनी मुलाकडे हनुवटी केली. "तीस वर्षं मी असल्या काडीशिवाय शिकार केली."

"सगळे वापरतात, बाबा," मुलगा म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण? ज्यांना नेम येत नाही ते!"

चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "नंबर बरोबर काढ हां. ह्या गिऱ्हाइकाची तक्रार लांबून पण येऊ शकते."

खोलीत बसल्यावर बाबा शांत झाले. मी विचारलं, माशीशिवाय नेम धरायचा कसा? त्यांना हा प्रश्न आवडला.

"नेम धरायचाच नाही. जनावराच्या अंगावरचा एक केस निवडायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. दोन्ही डोळे उघडे. धनुष्याकडे बघायचं नाही, बाणाकडे बघायचं नाही. हात आपोआप जातो. घास घेताना तुझं तोंड कुठे आहे ते तू बघतेस का?"

दर थंडीत ते दोस्तांबरोबर आफ्रिकेत जातात. तिथे परवाना काढून शिकार करता येते. गेल्या वर्षी पिळदार शिंगांचं एक मोठं हरीण समोर आलं होतं. उजवीकडे तोंड करून आडवं उभं होतं, जवळ. बाबांनी खांद्यामागची जागा निवडली, बाण सोडला आणि तो हातभर डावीकडे, पोटात गेला. हरीण पळालं. अंधार पडेपर्यंत सगळे रक्तामागे चालले. सापडलं नाही.

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "पोटात बाण घेऊन जनावर लगेच मरत नाही," एवढंच म्हणाले.

"हल्ली त्यांचे सगळेच बाण डावीकडे जातात," मुलगा म्हणाला. "म्हणून मी साईट लावली. यांना वाटतं मी अपमान केला."

"अपमानच आहे. पण मी लावून घेतली. दुसरं हरीण तसं जाऊ देणार नाही मी." ते माझ्याकडे वळले. "आणि आता ही काडी काय करते? सुलैबियाला मित्राच्या आवारात पुठ्ठ्याचं हरीण लावलंय. डावा डोळा मिटून माशी हरणावर ठेवली की माशीच नाहीशी होते. पुढच्या गुरुवारी विमान आहे, दुक्तूरा. मला ती दिसली पाहिजे."

मला मनातून आनंद झाला. कारण उत्तर मला येत होतं. साठीच्या पुढे हाताच्या अंतरावरचा ठिपका धूसर होणारच. त्या अंतराचा हलका नंबर द्यायचा, लांबचंही फार बिघडू द्यायचं नाही, काम झालं. यंत्रावर त्यांची हनुवटी टेकवली. दोन्ही डोळ्यांना जवळपास काहीच नंबर आला नाही. या वयाला उत्तम. चाचांनी दारातून डोकावून विचारलं, "काय, देऊन टाकूया ना? बाहेर लोकं थांबलीत."

देऊन टाकलाही असता. फक्त धनुष्य ताणल्यावर माशी डोळ्यापासून नक्की किती लांब येते ते मला मोजायचं होतं. म्हणून मी म्हटलं, "बाबा, इथेच ताणून दाखवाल? बाण न लावता."

आमची तपासणीची खोली लांबट आहे. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. बाबा खुर्चीजवळ उभे राहिले. मी तक्त्याशी जाऊन एक पांढरं कार्ड छातीसमोर धरलं, त्यावर काळा गोल होता. त्यांनी धनुष्य उचललं आणि दोरी गालापर्यंत ओढली. त्या वयात त्यांचा हात जराही थरथरला नाही. 

"दिसतो गोल?"

"दिसतो."

"आता डावा डोळा मिटा आणि माशी गोलावर आणा."

त्यांनी डोळा मिटला. धनुष्य किंचित हललं, थांबलं, पुन्हा हललं. हिरवा ठिपका माझ्या कार्डावर आला असावा, कारण धनुष्य सरळ माझ्याकडे रोखलेलं होतं.

"कार्ड का खाली घेतलंस?" ते म्हणाले.

मी कार्ड खाली घेतलं नव्हतं.

"वरच आहे, बाबा."

"नाही." दोरी तशीच ताणलेली. "बेटी, तू कुठे गेलीस?"

मी हलले नव्हते. त्यांच्या समोर उभी होते, पांढऱ्या कोटात, पांढऱ्या दिव्याखाली.   मुलगा हसायला लागला होता, त्याला वाटलं बाबा चेष्टा करताहेत. माझ्याकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"बाबा, धनुष्य खाली घ्या," मी कशीबशी म्हणाले.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि डावा डोळा झाकला, बोटांनी नव्हे, झाकणीने. कॉलेजातल्या आमच्या मॅडम आमच्या हातावर टिचक्या मारायच्या, "बोटांच्या फटीतून माणूस बघतो आणि आपण फसतो." त्या वेळी राग यायचा. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर लावलं. ते तळहाताएवढं असतं.

बाबा बघत राहिले. मग मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे, कोंबडी दाणा शोधताना करते तशी. "कडा दिसते," ते म्हणाले. "मध्ये कुणीतरी अंगठा ठेवलाय."

डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं. आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध, जिथे आपण खरं बघतो तिथे, एक बारीक गोल, तांबडा डाग होता. पुस्तकात असं चित्र पाहिलं होतं. समोर, जिवंत माणसाच्या डोळ्यात, पहिल्यांदाच. त्याला नाव देणं माझं काम नव्हतं. पण चष्म्याने तो जाणार नाही एवढं मला कळत होतं, आणि उशीर करून चालणार नाही हेही.

मी तसं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांकडे, उद्या सकाळी. आणि गुरुवारचं विमान नाही.

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. "कुणी फोन केला तुला? याच्या आईने?"

"कुणी नाही, बाबा."

"मग याने. वर्षभर मागे लागलाय, जाऊ नका, वय झालं. आता चष्मेवालीला पढवून ठेवलं."

"वल्ला, मी हिला आज पहिल्यांदा बघतोय!" मुलगा ओरडला. "मी तर तुम्हाला साईट बांधून दिली, जाण्यासाठी!"

"मी गाडी चालवत आलो इथे! आंधळा माणूस अर्दियाहून गाडी चालवत येतो का?"

मला त्यांच्याशी वाद घालता येईना. वडिलांच्या वयाच्या माणसाला काय सांगणार? मी झाकणी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा. डावा झाका आणि मुलाकडे बघा."

त्यांनी झाकणी उलटसुलट करून पाहिली. मग डाव्या डोळ्यावर ठेवली.

मुलगा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते.  झाकणी काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली.

"याला तोंड नाही," ते म्हणाले. "डोक्यावर घुत्रा आहे, खांदे आहेत. मध्ये तोंड नाही."

मुलाने चटकन मान फिरवली. चाचा दारात होते. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा कमजोर डोळ्याचं काम गुपचूप उचलतो. माणसाला पत्ताच लागत नाही. तुम्ही उजव्या हाताने ओढता, बाण उजव्या डोळ्याखाली असतो. पण बघत होता डावा. म्हणून बाण डावीकडे जायला लागले." मी पितळी तुकड्याला हात लावला. "ही नाहीशी होत नाही, बाबा. हिने तुम्हाला एक डोळा मिटायला लावला, एवढंच."

ते विचार करत होते. माझ्या बोलण्याचा नव्हे, हे त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं.

"तिथे माग काढणारा माणूस असतो," ते अगदी हळू म्हणाले. "काळा, बारीक. गवतात उभा राहिला तर चांगल्या डोळ्यालाही दिसत नाही. हरणाच्या पलीकडे जातो तो, वाट अडवायला. डावा डोळा मिटून मी माशी हरणावर ठेवली असती, आणि मागे तो असता..."

   चष्मा तयार करून द्यायला मला अर्धा तास पुरला असता. त्यांनी पैसे देऊन, आभार मानून तो नेला असता.

मी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. बाबांनी गाडीची किल्ली मुलाकडे दिली आणि धनुष्य माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे इथे राहू दे. घरी नेलं तर गुरुवारी मी जाईन. मला माहीत आहे मी कसा आहे."

ते गेल्यावर चाचांनी धनुष्याची दोरी उतरवायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग लेन्सच्या खोक्यांमागे तसंच उभं करून ठेवलं. "दुकानात चोर आला तर बरं पडेल," ते म्हणाले, पण हसले नाहीत. मला त्या संध्याकाळी पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तपासायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

पडद्याला मधोमध भोक पडलं होतं, असं हॉस्पिटलात निघालं. ऑपरेशन झालं. मुलगा अधूनमधून फोन करून सांगायचा. दोस्त आफ्रिकेला गेले, बाबा डॉक्टरांच्या हुकुमाने घरात पालथे पडून होते, सगळ्यांवर खेकसत होते.

थंडी सरत आली तेव्हा ते दुकानात आले. गाडी मुलाने चालवली होती. काळा चष्मा काढून ते स्वतःच खुर्चीत बसले आणि झाकणी मागितली. मोठं अक्षर त्यांनी लगेच वाचलं. त्याच्या खालची ओळही. तिसऱ्या ओळीला अडखळले. "वाकडं आहे. पण आहे," म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी तक्त्याकडे तोंड केलं.

"डॉक्टर म्हणतात अजून थोडं सुधारेल, पूर्ण नाही." ते खालच्या ओळींकडे बघत होते. "आता तू सांग. कुठल्या ओळीपर्यंत वाचता आलं की जनावरावर बाण सोडायला हरकत नाही?"

मी वळले. ते चेष्टा करत नव्हते. गाडी चालवायला कुठली ओळ लागते ते मला पाठ होतं. सुईत दोरा ओवायला, पेपर वाचायला, सगळं शिकले होते. माझ्यासाठी सायकलींची पंक्चरं काढून वडिलांनी हे शिक्षण दिलं होतं आणि त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. 

"ते मला शिकवलेलं नाही, बाबा," मी म्हणाले.

"हूं." त्यांनी झाकणी टेबलावर ठेवली. "डॉक्टरलाही विचारलं. तो हसला. तू हसली नाहीस."

चाचा खोक्यांमागून धनुष्य घेऊन आले. बाबांनी ते हातात घेतलं, दोरी अजून चढवलेली बघून, लाकडाचा जोर जातो म्हणून, चाचांना अरबीत दोन शिव्या दिल्या, टोक पायात अडकवून लाकूड वाकवलं आणि दोरी उतरवली. मग धनुष्य चाचांच्याच हातात परत दिलं.

"ओळ कळेपर्यंत इथेच राहू दे," ते म्हणाले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले.